साका बाहेरून दिसत नाही: मेडिकल कॉलेजातल्या शिक्षकांचं समाधान मोजायचं कसं?

मे महिन्यात कुडाळजवळच्या आमच्या घरी अंगणात आमसुलं वाळत घातली होती. मी पडवीत बसून कागदांचा एक गठ्ठा चाळत होते. मावशीने विचारलं, कसले कागद? मी सांगितलं, मेडिकल कॉलेजातले शिक्षक आपल्या नोकरीत समाधानी आहेत का, ते विचारणारे फॉर्म आहेत. हातातलं काम न थांबवता ती म्हणाली, "तुमका पगार बरो गावता गो, मगे नाखूश कित्याक?"

प्रश्न रास्त होता आणि मला तिथल्या तिथे नीट उत्तर देता आलं नाही. मी पीएसएम शिकवते, म्हणजे कम्युनिटी मेडिसिन. गावात तापाची साथ आली तर किती घरांत रुग्ण आहेत, पाणी कुठून येतं, हे मोजणं आमचं रोजचं काम. डास मोजता येतात, पाण्यातला क्लोरीन मोजता येतो. माणसाचं समाधान मोजायला घेतलं तेव्हा मात्र पहिल्याच खेपेला माझं चुकलं. काय चुकलं आणि ते कसं सुधारता येतं, ते या लेखात सांगायचं आहे.

पण आधी हे सांगायला हवं, की जे मेडिकल कॉलेजात नोकरीला नाहीत त्यांनी या भानगडीत का पडावं. आतापर्यंत सिंधुदुर्गातला अत्यवस्थ रुग्ण बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात न्यायचा, रत्नागिरीतला आंबा घाट चढून कोल्हापूरला आणि रायगडातला मुंबईला, ही आपल्याकडची रीत होती. कित्येक घरांना ती अजूनही चुकलेली नाही. गेल्या काही वर्षांत अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली. डेरवण आणि पडवे इथे खाजगी महाविद्यालयं आहेत. इमारत निधी मिळाला की उभी राहते, खाटा आणि यंत्रं विकत घेता येतात. शिक्षक तसे विकत घेता येत नाहीत. आणि मेडिकल कॉलेजातला शिक्षक फक्त वर्गात शिकवत नाही. सकाळी ओपीडीत तोच बसतो, वॉर्डातला राउंड तोच घेतो, रात्री कॅज्युअल्टीतून फोन येतो तोही त्यालाच. मेडिसिनचा एक अनुभवी असोसिएट प्रोफेसर कोकण सोडून गेला तर विद्यार्थ्यांचं बेडसाइड क्लिनिक बुडतं, आणि ऑगस्टमध्ये लेप्टोने, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाने, मूत्रपिंडं निकामी होत चाललेल्या शेतकऱ्याला ओळखणारे डोळेही कमी होतात. म्हणून मला हा विषय त्या चार भिंतींमधला वाटत नाही.

समाधान म्हणजे नेमकं काय?

एडविन लॉक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७६ साली केलेली व्याख्या आजही वापरली जाते. आपल्या कामाचा आपणच हिशेब घेतो, त्या हिशेबातून जी सुखद भावना उरते ती म्हणजे कामातलं समाधान. यातला महत्त्वाचा शब्द आहे हिशेब. माणूस मिळालेल्या गोष्टीकडे नुसतं पाहत नाही, हवं होतं काय आणि मिळालं काय, यातलं अंतर तो पाहतो.

एकाच कॉलेजातल्या दोन असिस्टंट प्रोफेसरांचं उदाहरण घ्या. दोघांचा पगार सारखा, क्वार्टर्स एकाच मजल्यावर. एकजण कणकवलीचा. शिक्षणासाठी बारा वर्षं बाहेर राहून आता आईवडिलांजवळ परत आलेला. दुसरी नांदेडची. बदली होऊन आलेली, नवरा तिकडे नोकरीत, मुलगी चौथीत. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागलं की घरी जाण्याचा तिचा आधीच लांबलचक प्रवास आणखी लांबतो. बाहेरून पाहणाऱ्याला दोघांची नोकरी एकच दिसते. पहिल्याच्या हिशेबात शिल्लक आहे, दुसरीच्या तूट. तूट कशात आहे हे विचारल्याशिवाय कळत नाही, कारण तिला शिकवायला मनापासून आवडतं. विद्यार्थ्यांमध्ये ती लोकप्रियही आहे.

मावशीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. पगार बरा की कमी हे रुपयांवर ठरत नाही, तो कशाच्या शेजारी ठेवून पाहिला त्यावर ठरतं. सर्जरीचा शिक्षक कोल्हापुरात स्वतःचं हॉस्पिटल काढलेल्या बॅचमेटकडे पाहतो. ॲनाटॉमीचा शिक्षक दुसऱ्या कॉलेजातल्या ॲनाटॉमीच्याच शिक्षकाकडे पाहतो, कारण ॲनाटॉमीची खाजगी प्रॅक्टिस नसते. तेवढ्याच रकमेवर पहिला नाराज असू शकतो आणि दुसरा खूश.

समाधान मोजण्याचे पद्धतशीर प्रयत्न सुमारे नव्वद वर्षांपूर्वी सुरू झाले. रॉबर्ट हॉपॉकने १९३५ साली अमेरिकेतल्या एका छोट्या गावातल्या कमावत्या माणसांना त्यांच्या कामाबद्दल विचारलेल्या प्रश्नांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच्या आधी तीन वर्षं, १९३२ मध्ये, रेन्सिस लिकर्टने ती पद्धत मांडली होती जी आज आपण सगळेच भरतो: पूर्ण असहमत, असहमत, तटस्थ, सहमत, पूर्ण सहमत. एक ते पाच आकडे. बँकेच्या, मोबाइलवाल्यांच्या फॉर्मवर जे दिसतं ते हेच.

पुढे संशोधकांच्या लक्षात आलं की "तुम्ही समाधानी आहात का?" या एका प्रश्नाने फारसं भागत नाही. बहुतेक लोक "तसा आहे" म्हणतात आणि तेवढ्याने कुठे काय दुरुस्त करायचं ते कळत नाही. म्हणून समाधानाचे भाग पाडले गेले. १९६९ च्या एका प्रसिद्ध प्रश्नावलीने पाच भाग धरले: काम, पगार, बढती, वरिष्ठ आणि सहकारी. मिनेसोटा विद्यापीठाची १९६७ ची प्रश्नावली शंभर प्रश्नांची होती, तिची छोटी आवृत्ती वीस प्रश्नांची. पॉल स्पेक्टरने १९८५ मध्ये नऊ भाग केले, प्रत्येकाला चार प्रश्न, एकूण ३६. ही मुळात आरोग्य, समाजसेवा अशा क्षेत्रांतल्या कर्मचाऱ्यांसाठी तयार केलेली, त्यामुळे आपल्याला त्यातल्या त्यात जवळची. तिच्यात प्रत्येक प्रश्नाला सहा पर्याय आहेत आणि मधला तटस्थ पर्याय नाही. तो का नाही ते मला माझ्या पहिल्या फॉर्मनंतर कळलं. आपल्याकडे अनेकजण तटस्थवर खूण करतात तेव्हा त्याचा अर्थ "मला इथे काही सांगायचं नाही" असा असतो.

इथे एक गोष्ट मला स्वतःला आश्चर्याची वाटली. भाग पाडले म्हणजे ज्याला जो भाग महत्त्वाचा वाटतो त्याला जास्त वजन द्यावं, असं कोणालाही सुचेल. अभ्यासकांनी तसं करून पाहिलं आणि त्यातून फारसं हाती लागलं नाही. कारण माणूस आकडा देतानाच महत्त्व मनात धरून देतो. ज्याची पर्वा नाही त्याबद्दल कोणी पोटतिडकीने १ वर खूण करत नाही. दुसरं असं, की सगळ्या भागांची बेरीज म्हणजे एकूण समाधान, असंही होत नाही. फॉर्ममध्ये नसलेली एखादी गोष्टच माणसाला इथे धरून ठेवत असते, किंवा इथून घालवत असते. त्यामुळे भागांचे प्रश्न विचारायचे आणि शेवटी एकूण समाधानाचा एक प्रश्न वेगळाही विचारायचा.

एका डोक्यावर चार टोप्या

बाहेरून आणलेल्या तयार प्रश्नावल्यांची अडचण अशी की त्या एका माणसाला एक काम धरून चालतात. "तुमचं काम तुम्हाला आवडतं का?" असं मेडिकल कॉलेजातल्या शिक्षकाला विचारलं तर तो विचारेल, कोणतं काम? शिकवणं, रुग्ण पाहणं, संशोधन की कागदपत्रं?

२०१९ पासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम क्षमतांवर आधारलेला आहे. विद्यार्थ्याला किती माहीत आहे याबरोबर त्याला प्रत्यक्ष काय करता येतं हे तपासायचं, छोटे गट करून शिकवायचं, लॉगबुकवर प्रत्येक कौशल्याची सही द्यायची. मला स्वतःला हा बदल आवडतो. इंजेक्शन देता येत नसलेला डॉक्टर पास होऊन बाहेर पडू नये, हे कोणालाही पटेल. पण छोटे गट करायला जास्त माणसं लागतात, आणि जिथे विभागात पदं रिकामी आहेत तिथे तेच काम उरलेल्यांवर येतं. बढतीसाठी संशोधनाचे पेपर लागतात. हजेरी आता आधारला जोडलेली. हे सगळं एकाच दिवसात, त्याच ओपीडीच्या पलीकडे.

म्हणून चार टोप्यांचे प्रश्न वेगवेगळे हवेत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, कोणत्या टोपीत तुम्ही रमता आणि आठवड्यातला किती वेळ ती डोक्यावर असते, हे विचारायला हवं. याला एक भक्कम आधार आहे. मेयो क्लिनिकच्या टेट शानाफेल्ट आणि सहकाऱ्यांनी २००९ साली मेडिसिनच्या ४६५ शिक्षक-डॉक्टरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येकाला विचारलं होतं की तुमच्या कामातला सगळ्यात अर्थपूर्ण भाग कोणता आणि त्याला किती वेळ मिळतो. ज्यांना त्या आवडत्या भागासाठी वेळेच्या वीस टक्क्यांपेक्षा कमी वेळ मिळत होता, म्हणजे आठवड्यातला साधारण एक दिवसही नाही, त्यांच्यात पार थकून गेलेल्यांचं प्रमाण सुमारे ५४ टक्के होतं. ज्यांना तेवढा वेळ मिळत होता त्यांच्यात सुमारे ३० टक्के.

त्या अभ्यासात कारण आणि परिणाम सिद्ध झाले, असं म्हणता येणार नाही. थकलेल्या माणसाला आवडत्या कामासाठी वेळ उरत नाही, असंही असू शकेल. शिवाय तो अमेरिकेतल्या एका मोठ्या संस्थेचा आहे. तरीही मला तो आशेचा वाटतो, कारण आठवड्यातला एक दिवस मोकळा करणं हे एचओडीच्या, म्हणजे विभागप्रमुखाच्या हातात असतं. त्यासाठी मंत्रालयात फाइल पाठवावी लागत नाही.

कोकणात राहून संशोधन होत नाही, अशी एक समजूत आमच्या व्यवसायात आहे आणि ती शिक्षकाच्या असमाधानात भर घालते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरण्याचं काम याच किनारपट्टीवर, रायगडातल्या खेड्यापाड्यांतल्या रुग्णांवर उपचार करता करता केलं. ते लॅन्सेट या नामांकित वैद्यकीय नियतकालिकापर्यंत पोचलं आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी जे पाहिलं ते आपल्या कॅज्युअल्टीतही येतं: विंचू, फुरसं, लेप्टो, दोडामार्गकडचा माकडताप. विषयांची वाण नाही. वेळ आणि हाताशी एखादा मदतनीस असेल तर संशोधनाचा रकाना असमाधानाचा राहण्याचं कारण नाही, असं माझं मत आहे.

गळकं छत दुरुस्त झालं की आनंद होतो का?

फ्रेडरिक हर्झबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये एक मुद्दा मांडला तो आमच्या क्वार्टर्सना चपखल लागू पडतो. पिट्सबर्ग भागातल्या सुमारे दोनशे इंजिनीअर आणि हिशेबनिसांना त्यांनी विचारलं, कामात सगळ्यात बरं कधी वाटलं आणि सगळ्यात वाईट कधी वाटलं? उत्तरं दोन वेगळ्या टोपल्यांत पडली. वाईट वाटण्याच्या आठवणी होत्या पगार, नियम, वरिष्ठ, कामाच्या जागेची दशा यांच्या. बरं वाटण्याच्या आठवणी होत्या काम जमल्याच्या, कोणी दखल घेतल्याच्या, जबाबदारी मिळाल्याच्या. हर्झबर्गचं म्हणणं असं की असमाधान गेलं म्हणजे समाधान आलं असं नव्हे, ही दोन वेगळी मापं आहेत.

जुलैत क्वार्टरचं छत गळत असेल तर शिक्षक चिडतो. कौलं बदलली, स्लॅबवर पत्रे घातले, की चीड संपते. पण छत गळत नाही म्हणून कोणी सकाळी उत्साहाने वॉर्डात जात नाही. तो उत्साह येतो जेव्हा तिसऱ्या वर्षाची मुलगी स्टेथोस्कोप लावते, दोन मिनिटं गप्प राहते आणि म्हणते, "सर, मर्मर आहे, मायट्रलला," म्हणजे हृदयाच्या एका झडपेपाशी वेगळा आवाज येतो आहे, आणि ते बरोबर असतं.

हर्झबर्गवर नंतर टीका झाली आणि ती दुर्लक्ष करण्यासारखी नाही. माणूस चांगल्या प्रसंगाचं श्रेय स्वतःकडे घेतो आणि वाईटाचं खापर बाहेर फोडतो, हा सगळ्यांचाच स्वभाव. त्यामुळे दोन टोपल्या काही प्रमाणात विचारण्याच्या पद्धतीमुळेच तयार झाल्या, असं टीकाकार म्हणतात. मला त्यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की छताचे प्रश्न आणि मर्मरचे प्रश्न एकाच सरासरीत घालू नयेत.

आता माझा पहिला फॉर्म. तेव्हा मी ज्या कॉलेजात होते तिथे आम्ही तो छापून वाटला. वर विभाग, पद, वय, लिंग, नोकरीची वर्षं. खाली तीस प्रश्न. नाव विचारलं नव्हतं, म्हणून मी तो निनावी समजत होते. भरलेले फॉर्म गोळा झाले ते एचओडींच्या केबिनबाहेरच्या टेबलावर. निकाल उत्तम आला: पाचपैकी सरासरी चारच्या वर. डीन सरांना आनंद झाला, मलाही झाला. वर्षभरात त्याच समाधानी शिक्षकांपैकी तिघे सोडून गेले. त्यातल्या एका मॅडमना मी निरोपाच्या दिवशी विचारलं, तर त्या म्हणाल्या, "आमच्या विभागात आम्ही तिघंच. बाई मी एकटी. मी काय लिहिणार होते?"

हे वाक्य मला तेव्हा फार लागलं. फॉरेन्सिक, ईएनटी, डोळ्यांचा विभाग अशा ठिकाणी तीन-चारच शिक्षक असतात. तिथे विभाग आणि पद विचारलं की नाव लिहायचं बाकी राहत नाही. म्हणून आता मी विभाग विचारतच नाही. प्री-क्लिनिकल, पॅरा-क्लिनिकल आणि क्लिनिकल एवढे तीनच गट. वय विचारत नाही. ज्या गटात पाचांपेक्षा कमी उत्तरं आली त्याचा आकडा कोणालाच दाखवत नाही, मलाही नाही. उत्तरं दुसऱ्या संस्थेतल्या सहकाऱ्याकडे जातात आणि मला मिळतात ती गटांच्या बेरजेच्या रूपात. गूगल फॉर्म असेल तर ईमेल पत्ता गोळा होणार नाही याची खात्री करून घ्यायची आणि ते फॉर्मच्या पहिल्याच ओळीत सांगायचं. हे करायला एथिक्स कमिटीची परवानगी घेतली की लोकांचा विश्वास आणखी वाढतो. कोण प्रश्न विचारतो आणि कागद कोणाच्या हातात जातो, हे उत्तराचाच भाग असतं.

सरासरीत लपलेला साका

आंब्याच्या पेटीकडे पाहून वजन कळतं, रंग कळतो, डझनाचा भाव ठरतो. साका कळत नाही. फळ कापल्याशिवाय आतला तो पांढरट, रबरासारखा गर दिसत नाही, आणि बाहेरून फळ अगदी देखणं असतं. सरासरी ही अशी न कापलेली पेटी आहे.

दोन विभाग घ्या, दोन्हींची सरासरी ३. पहिल्यात सगळ्यांनी ३ वर खूण केली आहे. दुसऱ्यात निम्म्यांनी १ आणि निम्म्यांनी ५. पहिला विभाग नीरस असेल, पण दुसऱ्यात काहीतरी पेटलेलं आहे. कदाचित वरिष्ठ खूश आणि कनिष्ठ त्रस्त, कदाचित कायम शिक्षक एका बाजूला आणि कंत्राटी दुसऱ्या. अहवालात दोघांसमोर ३ छापलं जातं. म्हणून सरासरी देण्याऐवजी, किंवा निदान तिच्याबरोबर, प्रत्येक आकड्यावर किती जणांनी खूण केली ते द्यावं. शिवाय लिकर्टचे आकडे हे मुळात पायऱ्यांची नावं आहेत. १ ते २ हे अंतर आणि ४ ते ५ हे अंतर सारखंच आहे, असं कोणी सिद्ध केलेलं नाही.

छोट्या गटात आकडा उड्याही फार मारतो. पाच शिक्षकांच्या विभागात एकाने २ वरून ४ वर खूण हलवली तर सरासरी ०.४ ने वाढते. तेवढ्यावर "विभागात लक्षणीय सुधारणा" लिहिलेले अहवाल मी वाचले आहेत. कदाचित त्या एका माणसाची मुलगी बारावी पास झाली असेल.

याहून फसवी गोष्ट म्हणजे न आलेली उत्तरं. समजा कॉलेजात ८० शिक्षक आहेत, ४८ जणांनी फॉर्म भरला आणि त्यांची सरासरी ३.६ आली. बरं वाटतं. उरलेल्या ३२ जणांनी का भरला नाही? काहींना वेळ नव्हता, काहींना त्यातून काही होईल असं वाटेनासं झालं आहे. या ३२ जणांची खरी सरासरी २.४ असेल तर सगळ्या कॉलेजची ३.१२ होते. आणि जे आधीच राजीनामा देऊन गेले ते तर ८० मध्येच नाहीत! सगळ्यात असमाधानी माणसं निघून गेली की मागे राहिलेल्यांची सरासरी आपोआप वाढते. काहीही न सुधारता कॉलेज "सुधारतं". म्हणून समाधानाच्या आकड्याशेजारी त्या वर्षी किती गेले, बदलीचे अर्ज किती आले, किती जागा रिकाम्या राहिल्या, हे आकडे छापलेच पाहिजेत, असा माझा आग्रह आहे.

माप बरोबर आहे का, हे कसं ओळखायचं? यासाठी दोन कसोट्या आहेत आणि त्या बाजारातल्या तराजूवरून पटकन कळतात. तीच सुरमई तीनदा तोलली आणि तीनदा तेच वजन आलं, तर तराजू भरवशाचा. पण त्याचं पारडं मुळातच दोनशे ग्रॅमने झुकलेलं असेल तर तो तीनही वेळा भरवशाने खोटं सांगतो. प्रश्नावलीतही असंच. बढतीबद्दलचे चार प्रश्न असतील तर एकाच माणसाची चारही उत्तरं साधारण एका दिशेने जायला हवीत. ते पाहण्यासाठी ली क्रॉनबाखने १९५१ मध्ये मांडलेला अल्फा हा आकडा काढतात आणि तो ०.७ च्या वर असला की सहसा चालवून घेतात. प्रबंधांमध्ये तेवढं लिहून गाडी थांबते. मात्र त्याने पारडं झुकलेलं आहे का ते कळत नाही. माझ्या पहिल्या फॉर्मची उत्तरंही एकमेकांशी सुरेख जुळत होती, कारण सगळ्यांनी सारखीच भीती धरून भरली होती. दुसऱ्या कसोटीसाठी बाहेरच्या गोष्टीशी ताळा लागतो: ज्या गटाने कमी गुण दिले तिथूनच बदलीचे अर्ज जास्त येतात का? येत नसतील तर आपण समाधान सोडून दुसरंच काहीतरी मोजतो आहोत.

काही प्रश्न उलटे ठेवणं हा एक उपयोगी उपाय. "मला माझं काम आवडतं" याबरोबर पुढे कुठेतरी "सकाळी कामावर जायचं जिवावर येतं" असंही विचारायचं. दोन्हींना पूर्ण सहमत असेल तर त्या माणसाने न वाचता सरळ खाली रेघ ओढली आहे, असं समजावं.

वेळेचंही भान हवं. जुलैत कॅज्युअल्टी तापाच्या रुग्णांनी भरलेली असताना विचाराल तर एक उत्तर येईल, जानेवारीत दुसरं. गणपतीत तर कोकणातलं चित्रच बदलतं. इथले सगळे घरी जातात, आणि ज्यांचं घर विदर्भात, मराठवाड्यात आहे ते ड्यूट्या सांभाळतात. गणपतीनंतरच्या आठवड्यात फॉर्म वाटला तर दोन गटांत जी दरी दिसेल ती खरीच असेल, पण ती त्या आठवड्याची असेल. भरती-ओहोटी न पाहता खाडीची खोली कोणी सांगत नाही. वर्षातून दोनदा, दरवर्षी त्याच महिन्यांत विचारलं की तुलना करता येते.

आणखी एक घोटाळा नेहमी होतो. असमाधान आणि बर्नआउट एकच समजतात. बर्नआउटसाठी क्रिस्टिना मास्लाक यांची १९८१ ची प्रश्नावली वापरतात, तिच्या मूळ रूपात २२ प्रश्न आहेत आणि ती तीन गोष्टी पाहते: मनाने रिकामं होणं, समोरच्या माणसाकडे केस म्हणून पाहू लागणं, आणि आपल्या हातून काही होतं आहे ही भावना विरून जाणं. आपल्या कामावर जीव असलेला, नोकरीत पूर्ण समाधानी असलेला बालरोगतज्ज्ञ एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, एकट्याने ओढता ओढता आतून रिकामा होऊ शकतो. त्याचा समाधानाचा फॉर्म ५ दाखवेल. मला अशा माणसांची काळजी जास्त वाटते, कारण ते तक्रार करत नाहीत आणि म्हणून त्यांच्या मदतीला दुसरा माणूस दिला जात नाही.

दुसऱ्या खेपेला आम्ही फॉर्म बावीस प्रश्नांवर आणला. शेवटी दोन मोकळ्या ओळी ठेवल्या: गेल्या महिन्यात कोणत्या दिवशी घरी जाताना बरं वाटलं, आणि इथून जायचा विचार शेवटचा कधी व कशामुळे आला. पहिल्या ओळीत पगार कोणीच लिहिला नाही. फुरसं चावलेला मुलगा चालत घरी गेला, इंटर्नने पहिल्यांदा एकटीने नीट प्रसूती केली, असं लिहिलं होतं. दुसऱ्या ओळीत पगार दोन-तीनदाच आला. मुलांची शाळा, जोडीदाराची नोकरी, वर्षानुवर्षं अडकलेली बढती, रात्री कॅम्पसवर न मिळणारं जेवण, हे पुन्हा पुन्हा आलं.

निकाल महिन्याच्या आत सगळ्या शिक्षकांसमोर मांडला, चांगला भाग आणि वाईट भाग दोन्ही. मेस रात्री दहापर्यंत उघडी ठेवायला सुरुवात झाली, त्यासाठी कोणाची परवानगी लागली नाही. दर आठवड्याला अर्धा दिवस प्रत्येकाने आपल्या आवडीच्या कामाला द्यायचा, हे दोन विभागांनी मान्य केलं आहे, बाकीचे पाहू म्हणतात. बढतीचं आमच्या हातात नाही, तेही तसंच सांगितलं.

मावशीला मी हे सगळं गणपतीत सांगितलं. तिने नांदेडच्या मॅडमबद्दल विचारलं, ती अजून आहे का. आहे. मुलीला तिने यंदा इथल्याच शाळेत घातलं. जानेवारीचा फॉर्म येईल तेव्हा तिचं उत्तर कोणतं ते मला ओळखता येणार नाही, तशीच सोय केली आहे.